तिरंदाजाने दुसरी विद्या कधी शिकावी?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या टेबलावर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गटात एक तिरंदाज असते. तिच्या बाणांनी साथीदारांना अनेकदा संकटातून सोडवलेलं असतं. आता ती पुढच्या लेव्हलला जाणार असते आणि खेळाडू विचारतो, “हिला मल्टिक्लास करू का?” एक मित्र म्हणतो, रोग घे, बाण जास्त लागेल. दुसरा म्हणतो, फायटरच्या दोन लेव्हल घे, एका टर्नमध्ये चार बाण सुटतील. तिसरा म्हणतो, काही करू नकोस, आहे तीच वाट धर.

तिघांकडेही सांगण्यासारखं कारण असतं, आणि म्हणूनच खेळाडूचा गोंधळ वाढतो. कागद-पेन्सिल घेऊन थोडा हिशेब केला, तर या गोंधळातून बाहेर पडता येतं. हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

आधी खेळाची ओळख

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळरचनाकारांनी हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध केला. डन्जन मास्टर म्हणजे सूत्रधार गोष्ट पुढे नेतो, प्रत्येक खेळाडू एक पात्र सांभाळतो आणि जिथे यश-अपयश अनिश्चित असतं तिथे फासे टाकले जातात. पात्राला एक क्लास असतो. क्लास म्हणजे त्याची विद्या किंवा पेशा. अनुभव वाढतो तशी त्याची लेव्हल १ पासून २० पर्यंत चढत जाते.

या लेखातला हिशेब २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर केला आहे. त्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात बारा क्लास आहेत. तिरंदाजाच्या कामाचे त्यांतले प्रमुख तीन: कसलेला योद्धा असलेला फायटर, रानावनात वावरणारा आणि थोडे मंत्र जाणणारा रेंजर, आणि संधी साधून वर्मी घाव घालणारा रोग.

मल्टिक्लास म्हणजे एका क्लासच्या काही लेव्हल घेऊन पुढची लेव्हल दुसऱ्या क्लासची घेणं. २०१४ च्या पुस्तकात हा नियम ऐच्छिक आहे, त्यामुळे पहिली पायरी म्हणजे सूत्रधाराची परवानगी. दुसरी पायरी पात्रतेची. फायटरसाठी ताकद किंवा चपळाई यांपैकी एक गुण किमान १३ लागतो. रोगसाठी चपळाई १३ लागते, तर रेंजरसाठी चपळाई आणि शहाणपण हे दोन्ही गुण १३ लागतात. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

नवी विद्या प्रारंभिकपासून

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा देत मध्यमापर्यंत पोहोचलेली एक मुलगी आहे असं समजा. आता तिला कथक शिकायचं आहे. तबल्यात ती कितीही पुढे गेलेली असो, कथकमध्ये तिला पहिल्या पाठापासून सुरुवात करावी लागेल. मात्र तिच्या अंगात मुरलेली लय ती सोबत घेऊन जाईल.

मल्टिक्लासचा नियम असाच चालतो. पात्राचा प्रॉफिशन्सी बोनस, म्हणजे सरावामुळे फाशात मिळणारी भर, सगळ्या क्लासच्या लेव्हल मिळून ठरतो. पहिल्या चार लेव्हलना तो +२ असतो, पाचवीपासून +३ आणि नववीपासून +४. ही झाली सोबत जाणारी लय. पण क्लासची खास कौशल्यं त्या त्या क्लासच्या लेव्हलवरच मिळतात. पाच लेव्हलच्या रेंजरने रोगची एक लेव्हल घेतली, तर तिला पहिल्या लेव्हलच्या रोगला मिळतं तेवढंच मिळतं. आणि रेंजरच्या सहाव्या लेव्हलचं जे होतं ते एक लेव्हल पुढे ढकललं जातं.

शिवाय एकच धडा दोन गुरूंकडे गिरवून दुप्पट फळ मिळत नाही. फायटर आणि रेंजर या दोघांनाही पाचव्या लेव्हलला ‘एक्स्ट्रा अटॅक’ मिळतो, म्हणजे एका टर्नमध्ये दोनदा हल्ला करता येतो. दोन्ही क्लासच्या पाच-पाच लेव्हल घेतल्या तरी हल्ले दोनच राहतात.

एका बाणाचं गणित

उदाहरणासाठी मायरा नावाची एक काल्पनिक रेंजर घेऊ. तिची चपळाई चौथ्या लेव्हलला १८ झाली, त्यातून तिला +४ मिळतात. पाचव्या लेव्हलचा प्रॉफिशन्सी बोनस +३. ‘आर्चरी’ या युद्धशैलीमुळे नेमबाजीत आणखी +२. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जे दान पडेल त्यात ९ मिळवायचे.

समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास १५ आहे. म्हणजे बेरीज १५ किंवा जास्त आली तर बाण लागतो. फाशावर ६ ते २० यांपैकी काहीही पडलं की काम झालं. वीसपैकी पंधरा बाजू, म्हणजे ७५ टक्के संधी.

बाण लागला की लाँगबोचा आठ बाजूंचा फासा टाकायचा. त्याची सरासरी ४.५. त्यात चपळाईचे ४. शिवाय रेंजरचा ‘हंटर्स मार्क’ हा मंत्र सावजावर लावला असेल, तर दर बाणामागे सहा बाजूंचा आणखी एक फासा, सरासरी ३.५. एकूण १२. पण बाण दर चारांत तीनदाच लागतो, म्हणून एका बाणाची खरी किंमत १२ गुणिले पाऊण, म्हणजे ९ धरायची.

या आकड्याला सरासरी डॅमेज म्हणू. फाशावर २० पडल्यावर मिळणारा जादा फायदा आणि रेंजरच्या सब-क्लासची कौशल्यं मी हिशेबाबाहेर ठेवली आहेत. पुढच्या सगळ्या पर्यायांत ती मायराला साधारण सारखीच मिळतात, त्यामुळे तुलना बिघडत नाही.

पाचव्या लेव्हलचा उंबरठा

मायरा चौथ्या लेव्हलवर आहे आणि पाचवी कुठली घ्यावी हे ठरवते आहे. तीन वाटा तपासू.

रेंजरची पाचवी लेव्हल घेतली, तर एक्स्ट्रा अटॅक मिळतो. दोन बाण, सरासरी १८.

रोगची पहिली घेतली, तर ‘स्नीक अटॅक’ मिळतो. टर्नमध्ये एकदा, शत्रू बेसावध असल्यामुळे फासा दोनदा टाकायची सवलत असेल किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला साथीदार उभा असेल, तर सहा बाजूंचा एक जादा फासा. बाण मात्र एकच. १२ अधिक ३.५, गुणिले पाऊण, सरासरी ११.६.

फायटरची पहिली घेतली, तर दुसरी एखादी युद्धशैली आणि स्वतःची थोडी जखम भरून काढायची सोय मिळते. आर्चरी शैली दोनदा घेता येत नाही. बाण एकच, सरासरी ९.

१८ समोर ११.६ आणि ९. इतकी मोठी दरी या संपूर्ण निर्णयात पुन्हा कुठेच दिसत नाही. त्यामुळे पहिला नियम ठाम आहे: रेंजर किंवा फायटर तिरंदाजाने पाचव्या लेव्हलचा दुसरा हल्ला हाती येईपर्यंत वाट बदलू नये. चौथ्या लेव्हलवर केलेला मल्टिक्लास निदान एक लेव्हलभर गटाला कमजोर करतो, आणि नेमक्या त्याच सुमारास सूत्रधार जास्त बळकट शत्रू आणू लागतो.

पाचवीनंतर तीन वाटा

आता मायरा पाच लेव्हलची रेंजर आहे. पुढच्या तीन लेव्हल कशा घ्याव्यात? आठव्या लेव्हलला काय चित्र दिसतं ते पाहू. शत्रू तोच, आर्मर क्लास १५.

*रेंजरच राहिली.* आठव्या लेव्हलला गुण वाढवायची संधी मिळते. चपळाई २० केली तर नेम ८० टक्के होतो आणि दर बाण १३ चा. दोन बाणांचे सरासरी २०.८. त्या बदल्यात ‘शार्पशूटर’ हे खास कौशल्य घेतलं, तर नेमातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० मिळवता येतात. नेम ५० टक्क्यांवर येतो, पण बाण २२ चा होतो. दोन बाणांचे सरासरी २२. शत्रूचं चिलखत भक्कम असेल, तर हा फायदा झपाट्याने आटतो.

*रोगच्या तीन लेव्हल घेतल्या.* स्नीक अटॅकचे दोन फासे, सरासरी ७. दोन बाणांपैकी एक तरी लागायची शक्यता जवळजवळ ९४ टक्के असल्यामुळे त्यातले ६.६ हाती येतात. एकूण २४.६. पण हे प्रत्येक टर्नला स्नीक अटॅकची अट पूर्ण झाली तरच. साथीदार शत्रूला जाऊन भिडणारे नसतील आणि निम्म्याच वेळा संधी मिळाली, तर आकडा २१.३ वर येतो.

*फायटरच्या तीन लेव्हल घेतल्या.* दुसऱ्या लेव्हलला ‘ॲक्शन सर्ज’ मिळतो. एकदा वापरला की त्या टर्नमध्ये पूर्ण कृती पुन्हा करता येते, म्हणजे आणखी दोन बाण, सरासरी १८. तिसऱ्या लेव्हलला ‘बॅटल मास्टर’ हा सब-क्लास घेतला, तर डावपेचांचे आठ बाजूंचे चार फासे मिळतात, तेही सरासरी १८. हे एकूण ३६ एकदा वापरले की छोटी विश्रांती घेतल्यावरच परत मिळतात. दोन विश्रांतींमध्ये लढाईच्या आठ फेऱ्या होत असतील, तर दर टर्नला ४.५ ची भर, एकूण २२.५. चारच फेऱ्या होत असतील तर २७. बारा होत असतील तर २१.

या आकड्यांकडे नीट पाहिलं, की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पाचवीपूर्वी पर्याय एकमेकांपासून फार लांब होते. पाचवीनंतर ते बहुतेक २१ ते २५ च्या आत येतात, आणि त्यांचा क्रम मायरापेक्षा तिच्या टेबलावर जास्त अवलंबून असतो. साथीदार पुढे जाऊन भिडतात का? सूत्रधार दिवसात किती वेळा विश्रांती घेऊ देतो? तयार सल्ला घेऊन आलेल्या मित्राला तुमच्या टेबलाबद्दल हे माहीत नसेल, तर त्याचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही.

आकड्यात न दिसणारी किंमत

डॅमेज एवढाच निकष ठेवला, तर आणखी दोन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट वेळेची. एका टर्नमध्ये एक मुख्य कृती आणि फार तर एक बोनस ॲक्शन करता येते. हंटर्स मार्क लावायला बोनस ॲक्शन लागते, आणि सावज मेल्यावर तो दुसऱ्यावर हलवायलाही. रोगला दुसऱ्या लेव्हलला मिळणारी ‘कनिंग ॲक्शन’ म्हणजे झटकन लपणं, पळणं किंवा भिडलेल्या शत्रूपासून निसटणं. तीही बोनस ॲक्शनच. कागदावर दोन्ही कौशल्यं शेजारी शेजारी दिसतात, पण एका टर्नमध्ये त्यांतलं एकच वापरता येतं. नवं कौशल्य घेताना ते जुन्याच्या जागेवर तर येत नाही ना, हे आधी तपासावं.

दुसरी गोष्ट उशिराची. गुण वाढवायची संधी क्लासच्या लेव्हलवर ठरते. पाच लेव्हल रेंजर आणि तीन लेव्हल रोग झालेल्या मायराला आठव्या लेव्हलची ती संधी मिळाली नाही. ती रेंजरकडे परतली, तर ती संधी थेट अकराव्या लेव्हलला येईल. रोगची चौथी लेव्हल घेतली, तर नवव्याच लेव्हलला मिळेल. म्हणून दुसऱ्या क्लासमध्ये तीन लेव्हल घालवल्या असतील, तर चौथी घेऊनच परतणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. रेंजरचे तिसऱ्या पातळीचे मंत्र एरवी नवव्या लेव्हलला मिळतात. तेही घेतलेल्या प्रत्येक परक्या लेव्हलमागे एकेक लेव्हल लांबतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रोगमुळे मायराला एखाद्या कसबात दुप्पट प्रॉफिशन्सी मिळते. ती गटाची टेहळणी करणारी होऊ शकते, कुलपं उघडू शकते. गटात हे काम करणारं दुसरं कोणी नसेल, तर डॅमेजचा एखादा आकडा कमी पडला तरी हा सौदा फायद्याचाच.

मूळचा फायटर, मूळचा रोग

तिरंदाज मुळात फायटर असेल, तर उंबरठे दोन आहेत. पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला, अकराव्याला तिसरा. अकराव्या लेव्हलचा फायटर चपळाई २० घेऊन आर्मर क्लास १७ च्या शत्रूवर बाण मारत असेल, तर दोन बाणांचे सरासरी १४.२५ होतात आणि तीन बाणांचे २१.४. ही उडी दुसऱ्या कुठल्याही क्लासच्या दोन-तीन लेव्हलनी भरून निघणं अवघड आहे. शिवाय फायटरला गुण वाढवायची एक जादा संधी सहाव्या लेव्हललाच मिळते. आठवी, नववी, दहावी गाठलेल्या फायटरने अकरावीच्या तोंडाशी येऊन वाट सोडू नये.

रोगची गोष्ट वेगळी. त्याला दुसरा हल्ला कधीच मिळत नाही; त्याचं बळ स्नीक अटॅकच्या वाढत्या फाशांत असतं. पण हे फासे विषम लेव्हललाच वाढतात. पाच लेव्हलच्या रोगने सहावी लेव्हल फायटरची घेतली, तर एकही फासा न गमावता त्याला आर्चरीचे +२ आणि लाँगबो हाती येतो. आर्मर क्लास १५ च्या शत्रूवर शॉर्टबोवाल्या सहा लेव्हलच्या रोगची सरासरी ११.७ असते, तर फायटरची एक लेव्हल घेतलेल्याची १४.२५. त्याच्याकडे बाण एकच असल्यामुळे नेम सुधारण्याची किंमत त्याच्यासाठी सगळ्यात जास्त. मात्र फायटरच्या एका लेव्हलवर थांबून त्याने लगेच रोगकडे परतावं.

मोहीम कुठे संपणार?

विसाव्या लेव्हलचं स्वप्न पाहून आखलेला मल्टिक्लास बऱ्याचदा वाया जातो, कारण गोष्ट तिथवर जात नाही. ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही २०१४ ची प्रसिद्ध मोहीम पहिल्या ते पाचव्या लेव्हलची आहे. तिथे तिरंदाजाला मल्टिक्लासचा विचारच करायला नको. २०१६ ची ‘कर्स ऑफ स्ट्राड’ दहाव्या लेव्हलपर्यंत जाते. तिथे फायटरचा तिसरा हल्ला येणारच नाही, त्यामुळे त्याला आठवीच्या आसपास वाट बदलायला काहीच हरकत नाही. २०१८ ची ‘डन्जन ऑफ द मॅड मेज’ पाचव्या ते विसाव्या लेव्हलची आहे, तिथे लांबचा विचार कामाचा. म्हणून सूत्रधाराला सरळ विचारावं: आपली गोष्ट कोणत्या लेव्हलपर्यंत जाणार आहे?

नियम बदलले की उत्तर बदलतं

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हल्ल्यांची संख्या सगळ्या क्लासच्या मूळ आक्रमण-बोनसची बेरीज करून ठरत असे. फायटरच्या तीन आणि रेंजरच्या तीन लेव्हल घेणाऱ्याला दुसरा हल्ला सहा लेव्हलच्या फायटरइतकाच वेळेवर मिळे. तिथे पाचव्या लेव्हलचा उंबरठा नव्हताच. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ क्लास सोडावाच लागत नाही, त्यातल्या काही ऐच्छिक कौशल्यांच्या जागी दुसऱ्या क्लासची कौशल्यं घ्यायची. आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या सुधारित पुस्तकात शार्पशूटरमधला वजा ५, अधिक १० चा सौदा काढून टाकला आहे, त्यामुळे वरचा २२ चा आकडा तिथे लागू होत नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेला सल्ला आपल्या टेबलावर आणण्याआधी पुस्तकाचं साल पाहावं.

---

चौकट: थोडक्यात

• रेंजर आणि फायटर तिरंदाजांनी पाचव्या लेव्हलच्या दुसऱ्या हल्ल्याआधी मल्टिक्लास करू नये.
• फायटरसाठी दुसरा उंबरठा अकरावी लेव्हल, मोहीम तिथवर जाणार असेल तर.
• रोग तिरंदाजाला फायटरची एक लेव्हल स्वस्तात मोठा फायदा देते. ती सम लेव्हलला घ्यावी.
• साथीदार शत्रूला भिडणारे असतील तर रोग, छोट्या विश्रांती वारंवार मिळत असतील तर फायटर, मंत्र हवे असतील तर रेंजरच राहणं बरं.
• नवं कौशल्य जुन्याचीच बोनस ॲक्शन मागतं का, ते तपासावं.
• दुसऱ्या क्लासच्या तीन लेव्हल घेतल्या असतील, तर बहुधा चौथीही घ्यावी.

---

मग ठरवायचं कसं?

गणित एक मोठी चूक टाळायला शिकवतं: घाई. ती टाळल्यानंतर पर्याय इतके जवळ येतात, की निवड मोकळ्या मनाने करता येते. तुमची तिरंदाज कोण आहे, हे तेव्हा विचारावं. ती अंधारात मागावर राहणारी असेल, तर रोग तिला शोभेल. सैन्यात शिस्तीत वाढलेली असेल, तर फायटर. रानाशी तिचं नातं गोष्टीच्या केंद्रस्थानी असेल, तर ते नातं तीन लेव्हलसाठी बाजूला ठेवण्यात काही मिळवणं नाही. आठवड्यामागून आठवडे तुम्ही त्या पात्राच्या नजरेने गोष्ट पाहणार आहात. दर टर्नला दोन गुण जास्त मिळण्यापेक्षा त्या पात्राबद्दलची ओढ टिकणं जास्त मोलाचं आहे. पाचवी लेव्हल गाठा, आपल्या टेबलाकडे नीट पाहा, सूत्रधाराशी बोला आणि मग जी वाट आवडेल ती निर्धास्तपणे घ्या.